हातोडीचा आवाज गिळणारं मीटिंग अ‍ॅप: वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या व्हिडिओ मीटिंग अ‍ॅपचा पेड प्लॅन याच महिन्यात संपतोय. पाच लायसन्स, वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरायच्या आधी हे लिहितेय, कारण फीचर्सच्या याद्या ढीगभर मिळतात, पण बांधकामाच्या साइटवर हे अ‍ॅप कसं चालतं याबद्दल मला कुठे एक ओळ सापडली नव्हती.

दादरला आमचं स्ट्रक्चरल इंजिनीअरचं छोटं ऑफिस आहे, मी तिथला कारभार बघते. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावंच लागतं, त्यामुळे कामं भरपूर. इंजिनीअर, म्हणजे आमचे सर, मात्र एकच. मुलुंड, चेंबूर आणि दहिसर एका दिवसात होत नाही. फुकटच्या झूमवर ग्रुप कॉल ४० मिनिटांत तुटतो, गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटांत. पावसाळ्याआधी सोसायट्यांची रांग लागते तेव्हा एवढ्यात काही भागत नाही, म्हणून विकतचं घेतलं. कुठलं ते सांगत नाही.

स्लॅब भरायच्या आधीची सळई तपासणी व्हिडिओवर उत्तम होते. सुपरवायझर फोन खाली धरून फिरतो, टेप लावून दोन सळयांमधलं अंतर दाखवतो, कव्हर ब्लॉक (सळईखाली काँक्रीटला जागा राहावी म्हणून ठेवायचे ठोकळे) कुठे नाहीत ते सर इथून सांगतात. रिंगा (सळयांना बांधणाऱ्या आडव्या कड्या) दूर पडल्या असतील तर काँक्रीटची गाडी यायच्या आत दुरुस्त होतात. पूर्वी यात सरांचा अर्धा दिवस जायचा.

घोडं अडलं ते ऑडिटला. कॉलमवर, बीमवर हातोडीने ठोकून ऐकायचं, ही आमची पहिली तपासणी. माठ घेताना टिचकी मारतो तसंच. काँक्रीट भक्कम असेल तर आवाज खणखणीत येतो, आत सळई गंजून कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, सुटलं असेल तर बद्द. आमच्या अ‍ॅपवर दोन्ही येईनात. व्हिडिओत हातोडी आपटताना दिसते आणि कानात शांतता! ठोकणाऱ्या आमच्या साइटवरच्या मुलाने ‘इथे पोकळ वाटतंय’ म्हटलेलं मात्र स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे त्याचं मत पोचतं, ज्यावरून ते बनलं तो आवाज पोचत नाही. रिपोर्टवर सही सरांची असते, मुलाची नाही.

कारण सरळ आहे. नॉइज सप्रेशन माणसाचा आवाज ओळखून ठेवतं आणि बाकीचं पुसतं. हातोडीचा ठोका म्हणजे त्याच्या लेखी कीबोर्डची खटखट. गंमत नाही, मला याचा मनापासून राग येतो. बोलणं म्हणजेच काम असं धरून ही अ‍ॅप्स बनवली आहेत. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, ‘तुमचं इंटरनेट तपासा.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तेव्हाच मी प्लॅन बंद करायचं ठरवलं होतं.

मग आमच्या एका ज्युनिअरने सेटिंग्जमध्ये खोल दडलेला ओरिजिनल साउंडचा, म्हणजे आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवायचा, पर्याय शोधला. खरं तर तो संगीत शिकवणाऱ्यांसाठी दिलाय. तो चालू केल्यावर ठोका आला. आयफोनवर आणखी एक बघावं लागतं: २०२१ च्या आयओएस १५ पासून माइकचे मोड आहेत, तिथे व्हॉइस आयसोलेशन (फक्त बोलणं ठेवणारा) नको, वाइड स्पेक्ट्रम (आजूबाजूचे सगळे आवाज घेणारा) हवा. त्यानंतर माझं मत बदललं, पण पूर्ण नाही. बद्द जागा खडूने आखून घेण्यापुरता हा आवाज पुरतो. रिपोर्टमध्ये घ्यायच्या जागी सर स्वतःच जातात आणि जायलाच हवं. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर दाबून त्याचा कठीणपणा मोजायच्या उपकरणाचे) आकडे कॅमेऱ्यात वाचता येतात, तिथे आवाजाचा प्रश्नच नाही.

दुसरी तक्रार डेटाची. ७२०पी व्हिडिओला तासाला साधारण १ जीबी लागतो. साइटवरच्या मुलांचा पॅक रोजचा दीड जीबीचा, तोही त्यांच्या खिशातला. दुपारच्या तपासणीनंतर त्या मुलाला संध्याकाळी घरी बोलायला डेटा उरत नसेल तर प्रवासाचा वाचलेला खर्च आपण त्याच्याकडून वसूल केला असं मी मानते. आता ऑफिस त्यांना वेगळं सिम देतं. काटकसर मलाही प्यारी आहे, पण ही नाही.

सोसायटीच्या बैठका व्हिडिओवर बऱ्या चालतात. पुण्याला राहणारा मुलगा आईच्या फ्लॅटबद्दल थेट प्रश्न विचारतो आणि तड्यांचे फोटो सगळे एकदम बघतात.

तर नूतनीकरण करतेय, पण पाचाऐवजी दोनच लायसन्सचं. कॉल सुरू करणाऱ्याकडे पेड असलं की पुरतं, साइटवरचा मुलगा फुकटच्या खात्यावरून येऊ शकतो. तुम्ही घेणार असाल तर ट्रायलमध्येच फोन भिंतीजवळ धरून किल्लीने टकटक करा आणि पलीकडच्याला विचारा, ऐकू आलं का.