अबोल्याची बटणं: फोंड्याच्या छापखान्यातून व्हॉट्सअ‍ॅपचं परीक्षण

गोव्यातल्या फोंड्यात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, नाटकांची पोस्टरं, बिलबुकं. पूर्वी गिऱ्हाईक प्रूफ बघायला दुकानात यायचं, लाल पेनाने काना-मात्रा सुधारायचं आणि खाली सही करून जायचं. आता प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. दिवसाचे पाच-सहा तास मी या अ‍ॅपवर असतो, म्हणून त्याच्या एकाच बाजूबद्दल लिहितो: माणसाला टाळण्यासाठी त्यात जी बटणं दिली आहेत, त्यांच्याबद्दल.

यंदा एका मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ सोमवारी पाठवलं. दोन निळ्या टिका. मंगळवारी विचारलं, 'ओके का?' पुन्हा निळ्या टिका. शनिवार उजाडला तरी उत्तर नाही. तीनशे पत्रिकांचा हळदी रंगाचा कागद कापून टेबलावर पडलेला. दुकानात कामाला असलेली मुलगी म्हणाली, "दादा, त्यांनी तुम्हाला सीनवर सोडलंय." पुढे कळलं, पत्रिका दुसरीकडून छापून वाटूनही झाल्या होत्या.

'सीनवर सोडणं' हा शब्द मला आवडला. वाचलं आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि तरी उत्तर नाही, एवढं सगळं त्यात येतं. आपला 'काणाडोळा' त्याच्या जवळचा. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू, म्हणजे दिसत असून एक डोळा मिटून घेणं. निळ्या टिका नोव्हेंबर २०१४मध्ये आल्या आणि काणाडोळ्याला पुरावा मिळाला. त्या बंद करायची सोयही त्याच महिन्यात आली. त्यातली अट मला न्याय्य वाटते: आपल्या टिका लपवल्या की दुसऱ्याच्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या लपवता येत नाहीत. मी माझ्या चालूच ठेवल्या आहेत. धंदेवाल्याने त्या बंद करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलं असेल तर वाचलं म्हणावं.

म्यूटला माझे पूर्ण गुण. आठ तास, एक आठवडा किंवा कायम, असे तीन पर्याय. वाड्यावरच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला सुप्रभात सुरू होतं, तो ग्रुप कायम म्यूटवर आहे. कुणाचा अपमान नाही, आपलं काम बिघडत नाही. अर्काइव्हही चांगलं, विशेषतः २०२१पासून, कारण तेव्हापासून नवा मेसेज आला तरी चॅट वर उडी मारत नाही. ग्रुपमधून गाजावाजा न करता निघण्याची सोय २०२२ची, आता त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, नीट चालतं.

खरं लिहायचं आहे ते ब्लॉकबद्दल, आणि त्यासाठी थोडं मागे जातो.

नव्वदच्या दशकात मी मुंबईत डीटीपीचं काम करायचो. ऑफिसात व्हीएसएनएलचं डायल-अप कनेक्शन होतं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. यूजनेटवर 'कॉम्प डॉट फाँट्स' नावाचा गट होता, तो मी वाचायचो. यूजनेट म्हणजे ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ साली योजलेलं चर्चेचं जाळं. एकदा कुणीतरी भांडणाच्या भरात लांबलचक पोस्ट लिहिली आणि खाली उत्तर आलं, एकच शब्द, दोन्ही बाजूंना चांदणी: प्लॉंक. मला वाटलं मुद्रणदोष असेल.

तो आवाज होता. लॅरी वॉल या गृहस्थाने १९८४ साली 'आरएन' नावाचा यूजनेट वाचायचा प्रोग्रॅम लिहिला (पुढे पर्ल ही संगणकभाषा करणारा तोच). त्यात 'किल फाइल' होती: नको असलेल्या माणसाचं नाव किंवा विषय तिच्यात लिहून ठेवला की त्यातली पोस्टं डोळ्यांसमोर येतच नसत. प्लॉंक म्हणजे त्या फाइलच्या तळाशी नाव पडल्याचा आवाज, जसा विहिरीत दगड पडावा. 'टॉक डॉट बिझार' या गटात तो सुरू झाला आणि १९९४पर्यंत यूजनेटभर पसरला. ब्रिटिश बोलीत 'प्लॉंकर' म्हणजे मूर्ख आणि 'प्लॉंक' म्हणजे स्वस्त दारू, त्याचीही छाया या शब्दावर असावी असं सांगतात.

'किल' वाचून मला लगेच आपला वाक्प्रचार आठवला: अनुल्लेखाने मारणे. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, पण मारण्याची कल्पना तीच. फरक एवढाच की प्लॉंक चारचौघांत, समोरच्याला ऐकू जाईल असं म्हटलं जाई. त्यात उर्मटपणा होता, खिल्ली होती, पण लपवाछपवी नव्हती. यापुढे तुझं लिहिलेलं मी वाचणार नाही, हे त्या माणसाला कळायचं.

ब्लॉक नेमकं हेच सांगत नाही. ब्लॉक झालेल्याला काही सूचना जात नाही. त्याला आपलं लास्ट सीन दिसत नाही, बदललेला फोटो दिसत नाही, आणि मेसेजवर एकच करडी टीक राहते. फोन बंद असला तरी एकच टीक असते, त्यामुळे तो बिचारा अंदाज करत बसतो. दोघे एकाच ग्रुपात असतील तर तिथे मात्र एकमेकांचे मेसेज दिसत राहतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: ब्लॉक उठवला तरी मधल्या काळातले मेसेज येत नाहीत. ते गेलेच.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. पेडण्याच्या मूळ घराच्या कौलांच्या खर्चावरून चुलतभावाशी वाजलं आणि रागाने मी त्याला ब्लॉक केलं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे घरी जमलो. आम्ही दोघे माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची मांडणी, बांधत होतो. मी शिडीवर, तो खालून नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन देत होता. सगळं बांधून झाल्यावर त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "तुवें म्हाका ब्लॉक केला मरे?" पडद्यावर त्याचे सात मेसेज, प्रत्येकावर एक टीक. तिसरा होता: 'आत्याला गोमेकॉत नेलंय.' (गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ.) चौथा: 'तुला विचारतेय.' आत्या तोवर बरी होऊन आली होती, आत चुलीपाशी नेवऱ्या तळत होती. मी तिच्याकडे बराच वेळ गेलो नाही.

तेव्हा मी त्याला तोंडावर 'प्लॉंक' म्हटलं असतं, तर त्याने दुसऱ्या भावाकरवी निरोप दिला असता. त्याला कळलंच नव्हतं, म्हणून तो तिथेच लिहीत राहिला.

हल्लीची मुलं न सांगता नाहीशा होणाऱ्याला 'घोस्ट केलं' म्हणतात, घोस्ट म्हणजे भूत. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने या अर्थाने तो शब्द २०१७ साली घेतला. मला तो आपल्याकडे रुजेलसा वाटत नाही. गोव्यात जो दिसत नाही तो राखणदार, गावाची राखण करणारा देव असतो. वेताळाला वहाणा वाहतात त्या तो रात्री गावाची फेरी घालतो म्हणून, आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. न दिसणाऱ्याने पाठ फिरवायची, ही गोष्ट आपल्याला परकी आहे. 'गुंगारा दिला' म्हणावं, अर्थ पूर्ण बसतो. ब्लॉकला 'वाळीत टाकलं' मात्र कुणी म्हणू नये. वाळीत गाव टाकतं, त्यात माणसाचं पाणी आणि लग्नकार्य तुटतं. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला.

गुण द्यायचे तर म्यूट आणि अर्काइव्हला पाचपैकी पाच, निळ्या टिकांना चार. ब्लॉकला दोन, तेही एवढ्यासाठी की रात्री-अपरात्री घाण पाठवणाऱ्यांपासून बायका-मुलींना त्याचा आधार आहे आणि तिथे काही कळवायची गरज नाही. घरच्या माणसासाठी ते बटण वापरू नका. वापरायचंच असेल तर आधी सांगा.

मुंजीचा तो कागद फुकट गेल्यापासून प्रत्येक प्रूफच्या खाली मी एक ओळ टाकतो: 'काम दुसरीकडे दिलं असेल तर फक्त नको एवढं लिहा, आमचा राग नाही.' पहिला 'नको' पंधरा दिवसांत आला, साखळीच्या एका गिऱ्हाइकाचा. कागद अजून कापला नव्हता. तो त्याच दुपारी दुसऱ्या पत्रिकेला लावला.