फिल्टरलेस ऑटोक्लीन चिमणी (६० सेंमी): १४ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

खोक्यावर '१२०० घनमीटर प्रतितास' असं ठळक छापलेलं असतं आणि सगळी खरेदी त्या आकड्यावर होते. हा आकडा पाइप न जोडता, मोकळ्या हवेतला. १० बाय ८ फुटांचं, साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर धरा: आत हवा जेमतेम साडेएकवीस घनमीटर. तासाला ती १५ वेळा बदलली तरी सव्वातीनशेत काम भागतं. तरीही १२०० ची चिमणी लावलेल्या घरात मिरचीच्या फोडणीचा ठसका हॉलपर्यंत जातो, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो, पाइपाचा असतो.

या चिमणीचं तोंड ६ इंची आहे आणि भिंतीपार पाइपही ६ इंचीच नेलाय. भिंतीत आधीपासून ४ इंची भोक असलं की बसवायला आलेला माणूस हमखास रिड्यूसर (मोठं तोंड लहान पाइपाला जोडणारा तुकडा) काढतो. त्याचं ऐकू नका. ४ इंची पाइपाचं क्षेत्रफळ ६ इंचीच्या निम्म्याहूनही कमी; ओढ कमी होते आणि आवाज वाढतो. कोअर कटिंगवाल्याकडून (यंत्राने भिंतीत गोल भोक कापणारा) साडेसहा इंचांचं भोक पाडून घ्यावं, बीम-कॉलम सोडून आणि सोसायटीला आधी सांगून. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पश्चिमेच्या भिंतीवर पावसाळ्यात झड आत येते आणि तेलकट पाणी थेट शेगडीवर टपकतं.

चंदेरी लवचिक पाइप घडी घातलेला येतो. तो पूर्ण ताणून, उरलेला कापून टाकायचा. 'असू दे, पुढेमागे लागेल' म्हणून वरच्या कपाटात गुंडाळून ठेवला, की त्याच्या प्रत्येक झोळात तेल साचतं. वळण शक्यतो एकच ठेवावं. जोडाला होज क्लिप आणि वर अ‍ॅल्युमिनियमची टेप. खाकी पॅकिंग टेप उष्णतेने काही महिन्यांत सुटते. बाहेरच्या टोपणाला बारीक जाळी नकोच, तेल आणि धूळ मिळून ती बुजते. पारव्यांसाठी अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी पुरे. चिऊचं घर मेणाचं असेल. या चिमणीचं तेलाचं असतं, आणि पारव्यांना ते चालतं.

उंचीत सगळ्यात जास्त चुका होतात. माप ओट्यापासून नाही, शेगडीच्या वरच्या जाळीपासून घ्यायचं. इथे २८ इंच आहे. २६ ते ३० मध्ये काहीही चालेल, फक्त कंपनीच्या पुस्तिकेतली मर्यादा आधी बघावी. ओटा ३३ इंच, शेगडी साधारण ४, वर २८, म्हणजे काचेची कड जमिनीपासून ६५ इंचांवर. पाच फूट आठ इंचांच्या माणसाचं कपाळ तिथेच येतं. घरात स्वयंपाक करणारं सगळ्यात उंच माणूस समोर उभं करून खूण करावी. भिंत सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांची असेल तर साधे प्लग थरथरीने सैल होतात. त्या ठोकळ्यांसाठीचे खास फास्टनर मागून घ्यावेत. प्लग पॉइंट चिमणीच्या मागे न घेता वर किंवा बाजूला, हात पोचेल असा. अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करू नये.

आता 'ऑटोक्लीन'. बटण दाबलं की आतलं हीटर ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या, घराला तापवतं, चिकटलेलं तेल पातळ होऊन वाटीत उतरतं. साधारण १५ मिनिटं. एवढंच. पाइप, बाहेरची झडप, हुडची आतली बाजू यांतलं काहीही त्याने साफ होत नाही. आणि जुनं तेल वाळून वार्निशसारखं कडक झालं की ते वितळतही नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून दर १०-१५ दिवसांनी, शेगडी बंद असताना हे करायचं. पहिले दोन महिने वाटी जवळजवळ कोरी राहते, त्याने फसू नका. तेल आधी आतल्या पत्र्यावर पसरतं. नंतर वाटी महिन्याला रिकामी करावीच लागते.

पाचव्या महिन्यात ओढ कमी झाली. मोटर ठीक होती, बाहेरची झडप तेलाने चिकटून अर्धी मिटलेली होती. गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने पाच मिनिटांचं काम. नवव्या महिन्यात चालू करताना नुसती घरघर, पंखा उशिरा फिरायचा: मोटरला सुरुवातीचा जोर देणारा छोटा भाग, कपॅसिटर, उतरला होता. तो बदलल्यावर पूर्ववत. पूर्ण मोटर बदलायला सांगणाऱ्याला आधी कपॅसिटर बघायला सांगा. टच पॅनल वाफेने अधूनमधून आपोआप टिकटिकतं. मेन बंद करून पुसलं आणि दहा मिनिटं सुकू दिलं की शांत. साधी बटणं बरी, असं आता स्पष्ट मत आहे.

सर्व्हिसवाले सफाईला कॉस्टिक सोडा आणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला ते लावू देऊ नये, काळं पडून खड्डे पडतात. ब्लोअरच्या पात्या सुरीनेही खरवडू नयेत. तोल गेला की चिमणी थरथरते. बॅफल फिल्टर (धातूच्या वाकवलेल्या पट्ट्यांची, काढून धुता येणारी गाळणी) असलेल्यांसाठी गरम पाणी, साबण आणि दोन चमचे धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजवून.

ओढ तपासायला गॅस बंद करून उदबत्ती हुडखाली धरा. धूर सरळ वर गेला पाहिजे. शेगडीशेजारची खिडकी उघडी असेल तर तो आडवा पळतो. ती बंद ठेवून पलीकडचं दार उघडं ठेवायचं, कारण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट लागते. घरात गॅस गिझर असेल तर सगळं बंद करून चिमणी कधीच चालवू नये, गिझरचा धूर उलटा आत ओढला जातो.

तळण जास्त असलेल्या घराला बॅफलच घ्यायला सांगू. रोजच्या भाजी-पोळीला ही पुरते, फोडणीच्या दोन मिनिटं आधी लावून गॅस बंद झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवली तर. तिसऱ्या वेगावर मात्र शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. लवचिक पाइप आतून नीट धुता येत नाही, तो आता बदलायला आलाय. नवा घेताना सरळ भागाला कडक पीव्हीसीच लावणार.