काकांनी फाइल पाठवलीच नव्हती

सुरुवातीलाच सांगून टाकते, आमचं लग्न खरं आहे. हे सांगावं लागतं, कारण एफ-वन या स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलीने सिटिझन मुलाशी लग्न केलं म्हटलं की सांगलीपासून एडिसनपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर जातात. नवरा न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचा, जन्म इथलाच, आईवडील कोलंबियाचे. २०२२ मध्ये युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत ओळख झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये लग्न. २८ डॉलरचं लायसन्स, ते मिळायला ७२ तासांची वाट, आणि टाउन हॉलमध्ये दहा मिनिटांत मोकळे. आईने व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या, त्या तिच्याच मोबाइलवर पडल्या.

मे महिन्यात एमएस संपलं, जूनपासून वर्षभराचं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी, लागलं. विषय स्टेममधला, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचा, असल्यामुळे पुढे २४ महिन्यांची वाढ मिळणार होती. म्हणजे ग्रीन कार्डची मला काडीची घाई नव्हती. घाई लावली ती काकांनी.

काका भेटले मंडळाच्या गणपतीत. धोतर, उपरणं, खणखणीत आवाजात आरती. एडिसनजवळ इसेलिनला ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. पाटीवर ओळीने सगळं: टॅक्स, पासपोर्ट फोटो, नोटरी पब्लिक, इमिग्रेशन. 'वकील हवाय कशाला गं? तो पण तेच फॉर्म भरतो, फक्त टाय लावून,' असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. टेबलाच्या काचेखाली दगडूशेठचा फोटो. इतक्यावर माझा विश्वास बसला. आता लिहिताना लाज वाटते, पण बसला.

सासूबाईंना पाटीचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी 'नोटरी' या शब्दावर बोट ठेवलं. त्यांच्याकडे 'नोतारिओ' म्हणजे मोठा कायदेतज्ज्ञ, आणि इथला नोटरी म्हणजे तुमची सही खरी आहे एवढं बघणारा माणूस. या एका शब्दावर त्यांच्या गल्लीतली कितीतरी घरं बुडाली होती. मी मनात म्हटलं, हे त्यांच्या लोकांत होत असेल. खरं तर आपणही त्याच खड्ड्यात उभे असतो. सांगलीच्या कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेला नोटरी काळ्या कोटातला वकीलच असतो, वकिली केल्याशिवाय आपल्याकडे सहसा नोटरी होता येत नाही. त्यामुळे पाटी वाचून आपलं डोकं आपोआप त्याला वकील ठरवून टाकतं. अमेरिकेत नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही.

काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे फी वाढणार आहे, आत्ताच फाइल टाका. हे खोटं नव्हतं. वाढीचा प्रस्ताव तेव्हा आलेला होता आणि १ एप्रिल २०२४ पासून फी खरंच वाढली. त्यांच्या बोलण्याची गंमतच ती होती, त्यातलं निम्मं नेहमी खरं असायचं.

मग कागदावर हिशेब मांडला. आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डच्या मुख्य अर्जाचे १,१४०, बोटांच्या ठशांचे ८५, नवऱ्याने बायको म्हणून माझ्यासाठी भरायच्या आय-१३० या अर्जाचे ५३५, वर्क परमिटचे ४१०, प्रवासाच्या परवानगीचे ५७५. सरकारी एकूण २,७४५ डॉलर, आणि त्यांचे स्वतःचे १,२००. प्रत्येक आकडा त्या त्या फॉर्मपुढे सरकारी वेबसाइटवर तसाच छापलेला होता, मी ताडून पाहिला. फक्त खालची एक ओळ वाचली नाही: आय-४८५ ची फी भरली की तेव्हा वर्क परमिट आणि प्रवासाचा अर्ज यांना वेगळे पैसेच नव्हते. ९८५ डॉलर तिथेच गेले.

सरकारी चेक तेव्हा होमलँड सिक्युरिटी खात्याच्या नावाने लिहायचा असायचा. काकांनी तो स्वतःच्या नावाने मागितला. 'पाच फॉर्म, पाच चेक, एक चुकला तर सगळं परत येतं. मी माझ्याकडून एकत्र भरतो.' त्यांचे १,२०० रोख दिले. पावती मागितली नाही. आरती म्हणणाऱ्या माणसाकडे पावती कशी मागायची?

मग सह्या. फॉर्मची फक्त शेवटची पानं त्यांनी समोर सरकवली, काळं पेन दिलं. 'इथे, इथे आणि इथे. बाकी मी भरतो.' नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, त्याने सही केली.

नोव्हेंबरात त्यांनी एक नंबर पाठवला. पुढे आयओई ही तीन अक्षरं आणि मागे दहा आकडे, असा तो असतो. मूळ नोटीस माझ्या फाइलीत सुरक्षित आहे म्हणाले. मी सरकारी साइटवर नंबर टाकला, ठळक अक्षरांत 'केस वॉज रिसीव्ड' आलं. मी स्क्रीनशॉट आईला पाठवला, आईने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर काहीच नाही. ठसे द्यायचं पत्र साधारण काही आठवड्यांत घरी येतं, ते आलं नाही. डॉक्टरांकडच्या मेडिकलचा विषयही त्यांनी काढला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'सरकारी काम आहे, बाळ.'

एप्रिल २०२४ मध्ये युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून इमेल आली की स्टेम एक्स्टेन्शनचा अर्ज ओपीटी संपायच्या आत करा. कंपनीही सही द्यायला तयार होती. काकांना विचारलं तर हसले. 'अगं, तू आता एफ-वन कुठे आहेस? तू पेंडिंग आहेस. दोन घोड्यांवर बसायचं नाही.' मी अर्ज केला नाही. जूनमध्ये ओपीटीचं कार्ड संपलं, वर्क परमिट आलं नाही, नोकरी गेली. अर्ज पेंडिंग असला तरी एफ-वन सांभाळून ठेवता येतं, आणि शक्य असेल तर ठेवावं, हे मला नंतर कळलं. वरचा दोर तुटला तर खाली जाळी असावी, इतकं ते सरळ आहे.

जुलैत बाबांच्या छातीत दुखलं, मिरजेला दाखवलं, बायपास ठरली. मी तिकीट काढलं. काकांना फोन केला तर म्हणाले, 'पासपोर्टवर व्हिसाचा स्टँप २०२६ पर्यंत आहे ना? मग बिनधास्त जा. माझ्याकडचे किती लोक पेंडिंगमध्ये जाऊन आले.' आले असतील, पण ते एच-वन या नोकरीच्या व्हिसावाले. त्यांना ती मुभा आहे. एफ-वनवाल्याचं आय-४८५ पेंडिंग असताना तो प्रवासाची परवानगी हातात नसताना देशाबाहेर गेला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

बॅग भरताना जुन्या रूममेटचा फोन आला. कोल्हापूरची आहे, बोलणं सरळ. 'ॲडव्हान्स परोल आलं का तुझं?' मी म्हटलं, ते काय असतं? पलीकडे काही वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, 'अगं, प्रवासाची परवानगी. त्याचे ५७५ डॉलर तू दिलेस, तूच मला सांगितलं होतंस. आणि ते काय असतं विचारतेस?'

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो. तिने आधी दोन गोष्टी मागितल्या: आय-७९७ नावाची पोचपावती, आणि फॉर्मचं ते पान जिथे भरणाऱ्याने आपलं नाव-पत्ता लिहून सही केलेली असते. दोन्ही नव्हतं. तेव्हा तिने माझा नंबर साइटवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ठळक ओळीखाली बारीक अक्षरांत एक वाक्य होतं. आठ महिन्यांत मी ते पन्नासदा तरी पाहिलं असेल, वाचलं मात्र एकदाही नव्हतं. त्यात लिहिलं होतं, तुमचा फॉर्म आय-९० आम्हाला मिळाला आहे. आय-९० म्हणजे हरवलेलं किंवा मुदत संपलेलं ग्रीन कार्ड बदलून घ्यायचा अर्ज. तो नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी होता. साइट नाव विचारत नाही, कुणाचाही नंबर टाका, स्टेटस दिसतं.

तिकीट रद्द केलं. गेले असते तर परत येताना हातात फक्त स्टँप होता, त्यामागचं स्टेटस संपलेलं. मग मुंबईच्या वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा मिळेपर्यंत मी सांगलीत आणि नवरा इथे. बाबांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना मी फोनच्या पडद्यावर होते. ते हात हलवत होते, दादाने फोन उलटा धरलेला.

नवरा आणि मी ओक ट्री रोडला गेलो. काका आधी रागावले, मग 'गैरसमज झाला' म्हणाले, मग खणातून आमची फाइल काढून दिली. सगळी तिथेच होती. आमच्या सह्या, वर काकांनी भरलेले फॉर्म, आणि टपालाचा शिक्का कुठेही नाही. पत्रव्यवहाराचा पत्ता त्यांच्या ऑफिसचा. म्हणजे काही आलंच असतं तर तेही आमच्यापर्यंत पोचलं नसतं.

वकिलाने फाइल चाळली आणि एका पानावर थांबली. आय-१३० मध्ये दोघं कधीपासून एकत्र राहता हे विचारतात. काकांनी तिथे २०२१ लिहिलं होतं. आमची ओळखच २०२२ ची. सोबत दोघांच्या नावाचा २०२१ चा भाडेकरारही जोडला होता, आम्ही कधीही न राहिलेल्या घराचा. केस 'स्ट्राँग' दिसावी म्हणून असणार. त्या खाली आमच्या खऱ्या सह्या, आणि त्या सहीचा अर्थ असा की वरचं सगळं खरं आहे, नसेल तर खोट्या शपथेचा गुन्हा. लग्न खोटं आहे असं सरकारने एकदा ठरवलं की त्या माणसासाठी पुढची कुठलीही आय-१३० मंजूर होत नाही. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. आमच्या खऱ्या लग्नाला काकांनी खोटे कागद जोडून ठेवले होते. वकील म्हणाली, त्याने फक्त पैसे खाल्ले हे तुमचं नशीब. काम केलं असतं तर तुम्ही कायमचे अडकला असता.

सप्टेंबर २०२४ मध्ये तिने सगळं नव्याने पाठवलं. आता फी १,४४०, ६७५, २६० आणि ६३०, म्हणजे ३,००५ डॉलर, शिवाय तिची फी. चेक सरकारच्या नावाने, पत्ता आमच्या घराचा, आणि ती आमची वकील आहे असं सांगणारा जी-२८ फॉर्म सगळ्यात वर. माझं स्टेटस गेलं होतं ते कायद्याने माफ झालं, कारण मी रीतसर व्हिसावर आले होते आणि नवरा सिटिझन आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण काका हेच वाक्य ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांनाही ऐकवायचे. नवऱ्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर ही माफी नाही. तिथे स्टेटस गेलं की इथे बसून काम होणं अवघड.

मे २०२५ मध्ये नेवार्कला इंटरव्ह्यू झाला. ऑफिसरने फ्रिजवर काय लावलंय विचारलं. नवरा म्हणाला, सांगली अर्बन बँकेचं कॅलेंडर, कळत नाही पण काढू देत नाही. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे कार्ड दोन वर्षांचं अटीचं न येता थेट दहा वर्षांचं आलं.

वकील आहे की नाही हे बघायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येक राज्याच्या वकिलांची यादी इंटरनेटवर आहे, इमिग्रेशनला कुठल्याही राज्याचं लायसन्स चालतं, पण हवं. वकील नसूनही हे काम करायची परवानगी असलेले लोक असतात, त्यांची यादी न्याय खात्याच्या साइटवर आहे. काका दोन्हींत नव्हते. मी ते बघितलं जुलै २०२४ मध्ये.

तक्रारी केल्या, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ग्राहक विभागाकडे. पैशांसाठी स्मॉल क्लेम्समध्ये गेलो, न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंत तिथे वकिलाशिवाय लढता येतं. चेकचे २,७४५ दाखवता आले. रोख दिलेल्या १,२०० चं नावही काढता आलं नाही. तारखेला काका आले, कपाळाला गंध. बाहेरच्या बाकावर २,००० वर तडजोड झाली, दोन हप्ते. दुसरा अजून यायचाय.

गेल्या महिन्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने विचारलं, ग्रीन कार्डचं काम करणारं आपलं कुणी माणूस आहे का? खाली तिघांनी नंबर टाकले होते. त्यातला एक मला पाठ आहे.