विमा लोकपाल, पुणे: पुराच्या नाकारलेल्या क्लेमसाठी गेलो होतो

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते खाली सांगतो.

22 जुलै 2021 ला चिपळूणात काय झालं ते सगळ्यांना माहितीये. आमचं घर तळमजल्यावर, पाणी पार पंख्याला लागलं. पॉलिसी होती, होम लोन देताना बँकेने गळ्यात मारलेली, म्हटलं चला आता तरी उपयोगी पडेल. कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासायला येतो तो) उगवला तोवर आम्ही गाळ उपसून भिंती धुऊन घेतलेल्या (त्या वासात कोण राहणार हो), त्याने भिंतीवरून हात फिरवला, चार फोटो काढले आणि गेला. मग पत्र आलं, भिंती जुन्या ओलीमुळे खराब झाल्यात आणि सामानाची यादी दिलेली नाही म्हणून सामानाचा क्लेमही बाद. अहो कोकणात जुलैत कोरडी भिंत दाखवा मला एक!

एजंट म्हणाला सोडून द्या. पण विम्यातूनच रिटायर झालेल्या आमच्या एका काकांनी विमा लोकपालाचं सांगितलं, म्हणजे विमा कंपनीविरुद्धची तक्रार ऐकून निकाल देणारा अधिकारी. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्यायचं, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. फी शून्य, आणि वकील चालतच नाही, कंपनीलाही नाही, त्यामुळे समोर कोणी काळा कोटवाला आपल्याला घाबरवायला नसतो. हे मला फार आवडलं. लोकपाल जास्तीत जास्त किती भरपाई देऊ शकतो त्याची मर्यादा तेव्हा 30 लाख होती, आता 50 लाख आहे.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. कंपनीच्या माणसाने जुन्या ओलीचंच तुणतुणं लावलं. मी तलाठ्याचा पंचनामा दाखवला, त्यात पाण्याची उंची लिहिलेली, आणि स्विचबोर्डचा फोटो, तीन पिनच्या भोकांत गच्च गाळ. ओल भिंतीतून चढते, प्लगच्या भोकात चिखल नेऊन भरत नाही, एवढंच बोललो. सामानाचं तर पॉलिसीतच छापलेलं होतं. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना जी भारत गृह रक्षा पॉलिसी ठेवावी लागते तीच आमची, त्यात घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातलं सर्वसाधारण सामान यादी न देता आपोआप कव्हर असतं. लोकपालांनी ते कलम वाचायला सांगितल्यावर कंपनीचे साहेब कागदच चाळत बसले.

निकाल आमच्या बाजूने लागला. भिंती, वायरिंग, फ्रिज, मशीन सगळं धरलं, सोफ्याचे थोडे कमी दिले, चालायचंच. हा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. आपल्यावर मात्र नसतो, नाही पटला तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

स्टार कापला तो त्या आधीच्या महिन्यासाठी. ज्या कंपनीने नाही म्हटलंय तिच्याच दारात परत महिनाभर बसायचं, आणि इकडे घरात गादीसुद्धा उरलेली नाही. पुरासारख्या वेळी तरी ही अट शिथिल करा ना.

जाणार असाल तर सर्व्हे रिपोर्टची कॉपी कंपनीकडून लेखी मागून घ्या, तो आपला हक्क आहे, आणि पंचनाम्याची नक्कल तलाठ्याकडून तेव्हाच घेऊन ठेवा. तक्रार ऑनलाइन पण होते. प्रत्यक्षच जायचं असेल तर ऑफिस नारायण पेठेत, एन. सी. केळकर रोडवर, फक्त चारचाकी नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस जाईल.