सेव्हनसारखी दिसणारी जिप्सी आणि उद्यमनगरातले मामा

जुनी गाडी तपासून देणाऱ्या मामांना पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी सांगतो.

झालं असं की एका ओळखीच्याकडं लोटस सेव्हन या उघड्या इंग्लिश स्पोर्ट्स कारची रेप्लिका विकायला होती, साडेचार लाख. लाल नाक, दरवाजेच नाहीत, आत बसलं की बूड रस्त्याला घासतंय का काय असं वाटतं. ओरिजिनल सेव्हन 1957 ची, लोटसवाल्या कोलिन चॅपमनची, आणि इंग्लंडात तेव्हा तयार गाडीवर जो टॅक्स लागायचा तो सुट्या पार्टवर लागत नव्हता म्हणून लोक पेटी आणून घरीच जोडायचे, तिथनं या गाडीची नक्कल करायचा नाद सुरू झाला तो अजून थांबला नाही. ही आपल्याकडच्याच एका हौशी माणसानं जोडलेली. बॉक्स पाईपची चासी, नाक आणि मडगार्ड फायबरचं, बाजूला ॲल्युमिनियम पत्रा, इंजिन गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल जिप्सी किंगचा, 1298 सीसी, 80 बीएचपी. एवढ्या हलक्या गाडीत 80 म्हणजे जाळ अन् धूर संगटच. मी टोकन द्यायला फोन बाहेर काढलेला, मेव्हणा म्हणाला भावा आधी मामांना दाखव.

मामांचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथवाल्यांच्या बोळात. जागेवर येऊन गाडी बघायचे पंधराशे घेतात. पहिला अर्धा तास त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. मी म्हटलं इंजिन बघा की, तर म्हणाले, "इंजिन जिप्सीचं हाय, खराब निघालं तर दुसरं मिळंल. जोडणाऱ्याचा हात कसा हाय ते बघाय पायजे."

मग हेडलाईट लावायला सांगितली आणि हॉर्न दाबला. हॉर्न वाजला की लाईट मंद. फायबरला करंट जात नाही, त्यामुळं प्रत्येक दिव्याला करंट परत जायला वेगळी अर्थिंगची वायर लागते, इथं सगळ्यांचं अर्थिंग एकाच गंजलेल्या नटावर आणून बांधलेलं. हे किरकोळ म्हणाले, एका दिवसाचं काम. सीटबेल्ट ओढून बघितला तर मागचा बोल्ट नुसत्या फायबरात, खाली एक वायसर, पाईपला वेल्डिंग केलेली प्लेट नाहीच. हे मात्र किरकोळ नाही. टायरला नक्षी फुल, पण बाजूला 2213 लिहिलेलं, म्हणजे 2013 चा 22 वा आठवडा. मी गाडी बघून आल्यावर "टायर नवीन आहेत" असं घरी सांगितलेलं!

खरी मजा खाली होती. गाडी जॅकवर घेतली, मामा पोत्यावर आडवे झाले आणि छोट्या हातोडीनं पाईप ठोकत गेले, टण् टण् टण्, ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज एकदम बसका. तिथला पत्र्याचा एक रिव्हेट मालकाला विचारून काढला, भोकात तार फिरवली, तर तळहातावर बारीक वाळलेला गाळ. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला तो रंग सांगावा लागत नाही. मालक आदल्या दिवशी म्हणालेला, 2019 च्या पुराचं पाणी आमच्या गल्लीत आलंच नाही. आता म्हणाला, "थोडं आलतं, पायरीपर्यंत." पण ही गाडीच पायरीएवढ्या उंचीची आहे हो.

आणि शेवटी चासी नंबर. जिप्सीच्या चासीचा नंबर असलेला तुकडा कापून नवीन पाईपवर चिकटवलेला, चारी बाजूनं वेल्डिंग, वर ग्राइंडर मारून काळा रंग. आरसीवर अजून मारुती जिप्सी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीच्या मूळ गाडीत असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानंही 2019 ला तेच सांगितलं. आरसीची पंधरा वर्षं संपायला आलेली, म्हणजे री-पासिंगला एमएच 09 च्या आरटीओत मी जाणार आणि तिथं साहेब आधी नंबर बघणार. गाडी कितीही नादखुळा असू दे, मग ती दसऱ्याला निघणाऱ्या महाराजांच्या जुन्या मेबॅक गाडीसारखी वर्षातनं एकदा बघायलाच, आणि आपण काय महाराज नाही.

घेतली नाही. तीन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

आता अर्धा स्टार. मामा फोन उचलत नाहीत, आणि लेखी रिपोर्ट देत नाहीत. मी फारच मागं लागलो तेव्हा बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन्सिलीनं "पाईप कुजलाय. घेऊ नका." लिहिलं, खाली सही केली आणि तारीख पण टाकली.