‘क्रेडिटची गरज नाही’ म्हणून विकलेले चोरीचे आवाज

स्वतंत्रपणे गेम बनवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण आम्हाला फसवणारा माणूस अजूनही तेच पॅक विकतोय.

आम्ही त्याच्याकडून संगीत आणि साउंड इफेक्टचा पॅक विकत घेतला. सगळे आवाज स्वतः रेकॉर्ड केलेले, व्यावसायिक वापराला मोकळे, क्रेडिट देण्याची गरज नाही, असं त्याने लेखी दिलं होतं. सोबत शिक्का मारलेलं ‘लायसन्स सर्टिफिकेट’ही होतं. गरज नसतानाही आम्ही क्रेडिट्समध्ये त्याचं नाव टाकलं.

गेम विक्रीला आला आणि एका संगीतकाराचा मेल आला. शेवटच्या लेव्हलला वाजणारी धून त्याची होती. ती त्याने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी, म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारी तयार लायसन्स) सीसी बाय लायसन्सखाली सगळ्यांना फुकट दिली होती. अट एकच, नाव द्या. आणि आमच्या गेममध्ये तिच्यावर भलत्याचंच नाव होतं. मेलमध्ये शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. त्यामुळे जास्तच लागलं.

मग पूर्ण पॅक उलगडून बसलो. फायलींची नावं त्याने बदलली होती, पण आतल्या एका फोल्डरमधली एक फाइल सुटली होती. तिच्या नावात आधी एक आकडा, मग दोन अंडरस्कोर, मग कुणाचं तरी युजरनेम. फ्रीसाउंड या आवाज फुकट देणाऱ्या वेबसाइटवरून डाउनलोड केलेल्या फायलींची नावं अशीच असतात. तो आकडा टाकून शोधलं आणि मूळ पान उघडलं. पावसाचं रेकॉर्डिंग होतं. मध्येच लांबवर कुत्रं दोनदा भुंकतं आणि लगेच दाराची कडी वाजते. आमच्या गेममधल्या पावसातही त्याच सेकंदाला तेच भुंकणं, तीच कडी. पॅकमधल्या बाकी बऱ्याच आवाजांचा पिच (स्वराची उंची) थोडा खाली आणला होता, एवढीच त्याची ‘निर्मिती’.

काही आवाज सीसी झिरो होते, तिथे श्रेयाची अटच नसते. काही सीसी बाय होते. सगळ्यात वाईट म्हणजे काहींवर एनसी, म्हणजे अव्यावसायिक वापराची अट होती. विकत मिळणाऱ्या गेममध्ये ते ठेवताच येत नाहीत, नाव देऊनही नाही. ते काढून टाकावे लागले. ज्याच्याकडे हक्कच नाही, त्याने दिलेल्या सर्टिफिकेटला काडीची किंमत नसते, आणि पैसे मोजले होते म्हणून मूळ मालकापुढे आपली सुटका होत नाही.

वेळही महत्त्वाची असते. सीसीच्या ४.० आवृत्तीत, उल्लंघन लक्षात आल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर अट मोडल्याने संपलेलं लायसन्स आपोआप पूर्ववत होतं. ३.० मध्ये ही सवलत नाही. तिथे मालकाकडून नव्याने परवानगी घ्यावी लागते. आमच्या पॅकमध्ये दोन्ही होत्या, म्हणून प्रत्येक कलाकाराला वेगळं लिहिलं. आता क्रेडिट्समध्ये प्रत्येक आवाजापुढे त्याचं शीर्षक, कलाकाराने स्वतःसाठी वापरलेलं नाव, मूळ पानाचा पत्ता, आवृत्तीसकट लायसन्स आणि ‘लांबी कमी केली’ यासारखा बदलाचा उल्लेख आहे.

पॅक घेण्याआधी विकणाऱ्याकडे एखाद्या आवाजाचं न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग मागा, किंवा धुनेची प्रोजेक्ट फाइल (ज्या सॉफ्टवेअरमध्ये धून रचली त्यातली मूळ फाइल). स्वतः काम केलेल्याकडे बहुधा ती असतेच. आमच्या माणसाला आम्ही नंतर मागितली, तेव्हा आधी ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणाला आणि मग त्याने ब्लॉक केलं. फुकटचे आवाज स्वतः उतरवत असाल तर त्याच दिवशी लायसन्स दिसेल असा पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) ते पान जतन करा आणि फाइलचं मूळ नाव बदलू नका.

पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रार केली आहे, पॅक अजून विक्रीला आहे. त्या संगीतकाराने मात्र धून ठेवायला परवानगी दिली आणि नव्या अपडेटमध्ये त्याचं नाव लागलंय.