ममाई की तोख्तमिश?

भाच्याचा प्रश्न: 1380 साली आपण सुवर्ण टोळीत (व्होल्गाकाठच्या मंगोल राज्यात) सरदार असतो, तर सत्तेसाठी भांडणाऱ्या ममाई आणि तोख्तमिशपैकी कुणाकडे गेलो असतो?

आधी घराणं बघू. ममाई खानाचा जावई, पण चंगीझच्या वंशातला नव्हे. म्हणून बाहुला खान गादीवर बसवून कारभार हाकायचा. तोख्तमिश अस्सल चंगीझवंशी. निम्मा निकाल इथंच. कुलिकोवोच्या लढाईत मॉस्कोचा राजा दिमित्रीकडून मार खाऊन ममाई तोख्तमिशसमोर पुन्हा उभा राहिला, तर त्याचेच सरदार घोड्यांवरून उतरले आणि तोख्तमिशच्या नावानं शपथ घेऊन मोकळे झाले!

पाठबळ? ममाईकडे क्राइमिया, तोख्तमिशकडे तैमूरची मदत. ही उसनवारी महागात पडली. त्याच तैमूरशी वैर घेऊन तो 1391 आणि 1395 मध्ये सपाटून हरला.

क्राइमियाच्या बंदरांच्या व्यापारावर चार पैसे गाठीला बांधायचे तर ममाई, तोही कुलिकोवोआधी. मानाची जागा हवी तर तोख्तमिश. फक्त त्याच्या एदिगू या सरदारासारखं वेळेत तैमूरकडे सटकता आलं पाहिजे.